इसार देण्याआधी घर तपासून घ्यावे का?

दिवाळीनंतर घरांचे व्यवहार वाढतात आणि त्यांच्यासोबत या सदराकडे येणारी पत्रेही वाढतात. या वेळच्या टपालातील पाच पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत : घर विकत घेण्यापूर्वी ते अभियंत्याकडून रीतसर तपासून घ्यावे की नाही? पाचही पत्रे खान्देशातून आली आहेत आणि आपल्याकडची माती व आपल्याकडचे ऊन यांमुळे हा प्रश्न येथे अधिक निकडीचा होतो, म्हणून या अंकातील संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. जळगाव शहराबाहेरच्या एका वसाहतीत अकरा वर्षांपूर्वी बांधलेले रो-हाऊस आम्हाला पसंत पडले आहे. घर नुकतेच रंगवलेले आहे. वकिलांनी कागदपत्रे पाहिली आहेत, बँकेने मुलाचे कर्ज मंजूर केले आहे आणि पुढच्या आठवड्यात इसार द्यायचा आहे. एखाद्या अभियंत्याला घर दाखवावे असे मला वाटते, परंतु मुलाचे म्हणणे असे की बँकेचा माणूस येऊन घर पाहून गेला आहे, मग पुन्हा खर्च कशासाठी? दलालही तेच सांगतो.

उत्तर : गुरुजी, आपल्याला वाटते तेच योग्य आहे आणि चिरंजीवांचा समज अतिशय सर्वसाधारण असला तरी चुकीचा आहे. वकील पाहतात ते एवढेच की विकणारा खरोखर मालक आहे का आणि घरावर कोणाचा बोजा आहे का. बँकेचा मूल्यमापक पाहतो ते हे की कर्ज थकले तर हे घर विकून बँकेची रक्कम वसूल होईल का. त्यासाठी तो मोजमाप घेतो, मंजूर नकाशाशी बांधकाम ताडून पाहतो, परिसरातला भाव लक्षात घेतो आणि निघतो. त्याचे शुल्क बहुधा आपणच भरतो, पण अहवाल बँकेसाठी असतो. या घराचा पाया कशावर आहे, स्लॅबमधील सळई गंजली आहे का, पावसाळ्यात कोणती भिंत ओल धरते, हे प्रश्न त्या दोघांनाही कोणी विचारलेले नसतात. ते विचारण्याचे काम आपले आहे, कारण त्या घरात राहणार आपण आहात.

जळगावभोवतीच्या नव्या वसाहती ज्या जमिनीवर उभ्या आहेत, ती बहुतेक ठिकाणी काल-परवापर्यंत कपाशीची किंवा केळीची काळी रानं होती. काळ्या मातीचा स्वभाव आपल्या शेतकऱ्यांना सांगावा लागत नाही : उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून त्या भेगा मिटवून टाकते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते, म्हणून असे होते. शेतात हे घडले तर बिघडत नाही, पण तीच माती पायाखाली असेल तर घर दरवर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे बसते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही; कडेच्या भिंती अधिक हलतात, मधल्या कमी. यावरचे उपाय जुने आणि ठाऊक असलेले आहेत. काळी माती ओलांडून मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत पाया न्यावा. माती फार खोल असेल तर खाली फुगीर कंद असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घ्यावेत. सगळ्या भिंतींखाली प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची सलग तुळई, बांधून घ्यावा. आणि घराभोवती उताराची फरसबंदी करून पाणी पायाशी मुरू देऊ नये. परंतु पाया हा घराचा असा भाग आहे की एकदा भराव टाकला की तो कोणालाच दिसत नाही, आणि खर्च वाचवायचा असेल तेव्हा हात प्रथम तिथेच आखडला जातो.

न दिसणारा पाया अनुभवी अभियंता दिसणाऱ्या खुणांवरून वाचतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग आणि गिलाव्यावरची जाळीसारखी केसभर भेग या दोन्ही नवख्या डोळ्याला सारख्याच दिसतात; दुसरी बहुधा गिलावा लवकर सुकल्याची असते आणि पहिली पाया हलल्याची असू शकते. भेग वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर भिंतीचे टोक खाली बसत असल्याची शंका येते. आपले घर नुकतेच रंगवलेले आहे, तेव्हा भेगा बुजवलेल्या असतील. अशा वेळी मी प्रथम दारे पाहतो. दाराची खालची किंवा वरची कड अलीकडे रंधा मारून काढलेली असेल, तर ते दार पावसाळ्यात अडकत होते असे समजावे, कारण रंगारी भिंत रंगवतो पण दाराच्या तळाकडे त्याचे लक्ष जात नाही. फरशीची पातळी पाण्याच्या नळीने तपासली तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना पडलेला फरकही कळतो.

हे मी केवळ अभियंत्याचा व्यवसाय म्हणून सांगत नाही. माझ्या थोरल्या बहिणीने धुळ्यात घर घेतले तेव्हा मी धरणाच्या कामावर बाहेरगावी होतो, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी भावाला रजा कशाला काढायला लावायची म्हणून तिने मला बोलावले नाही. व्यवहार मे महिन्यात झाला, भिंती कोरड्या खडखडीत आणि ताज्या रंगाच्या होत्या. ऑगस्टमध्ये स्वयंपाकघराचे दार लागेनासे झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात मागच्या भिंतीत बोट जाईल एवढी भेग उघडली. तिच्या आयुष्यभराच्या बचतीतला मोठा वाटा पुढे त्या भिंतीखाली गेला. इसार देण्याआधी एक दिवस दिला असता तर दारांनी मला ते सांगितले असते, ही रुखरुख अजून जात नाही.

उन्हाचेही तसेच आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उघडा स्लॅब त्याहून कितीतरी अधिक तापतो. काँक्रीट तापले की पसरते : दहा मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांच्या फरकाने सुमारे तीन मिलिमीटर वाढतो, आणि भिंत तेवढी वाढत नसल्याने स्लॅबच्या लगेच खाली आडवी भेग पडते. ती बहुधा जीवघेणी नसते, पण पावसाचे पाणी त्या वाटेने आत येते आणि सळईपर्यंत पोहोचते. याहून गंभीर प्रश्न नव्या काँक्रीटवर पाणी मारण्याचा आहे. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार उष्ण व कोरड्या हवेत साध्या सिमेंटच्या कामाला किमान १० दिवस पाणी मारावे लागते आणि मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेल्या) सिमेंटच्या कामाला ते १४ दिवस मारण्याची शिफारस आहे. ऐन एप्रिलमध्ये टँकरचे पाणी विकत घेऊन बांधलेल्या घरावर ते खरोखर किती दिवस मारले गेले असेल, याचा आपणच विचार करावा. स्लॅब कोणत्या महिन्यात टाकला हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. शंका आली तर रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा आणि ध्वनिलहरींच्या चाचणीने आतील काँक्रीटची घनता तपासता येते. दुसऱ्या चाचणीत लहरींचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असला तर काँक्रीट चांगले मानतात आणि तीनच्या खाली गेला तर संशयास्पद.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या भागात फार महत्त्वाची आहे आणि जिच्याकडे घर पाहताना कोणाचेही लक्ष जात नाही : कूलरची जागा. वर्षानुवर्षे खिडकीत कूलर बसवलेला असेल तर त्याचे पाणी खालच्या भिंतीत आणि तेथून पायाशेजारच्या काळ्या मातीत मुरलेले असते, म्हणजे भर उन्हाळ्यात घराची एकच बाजू ओली राहते आणि तेवढीच फुगते. शिवाय लोखंडी अंगाचा, पाण्याने भिजलेला कूलर आणि नसलेले अर्थिंग यांमुळे दर उन्हाळ्यात विजेच्या धक्क्याने माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. अर्थिंग फक्त बोर्डावर तीन छिद्रे दिसली म्हणून असते असे नव्हे. ते मोजून पाहावे लागते, आणि कोरड्या जमिनीत त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) वाढत असल्याने शक्य तर उन्हाळ्यात मोजावे.

तेव्हा पुढच्या आठवड्यातील इसार आठ-दहा दिवस पुढे ढकलावा. ते अगदीच अशक्य असेल तर रक्कम लहान ठेवून इसारपावतीत स्पष्ट लिहून घ्यावे की अभियंत्याच्या तपासणीत पाया, कॉलम, बीम किंवा स्लॅबमध्ये दोष आढळल्यास इसार परत मिळेल. तोंडी आश्वासनावर थांबू नये.

प्रश्न : आमच्या ओळखीचे एक मिस्त्री गेली तीस वर्षे घरे बांधत आहेत. त्यांना नेऊन घर दाखवले तर पुरेसे होणार नाही का? आणि अभियंताच हवा असेल तर तो कसा निवडावा? — एक वाचक, चोपडा

उत्तर : मिस्त्रींच्या अनुभवाचा मला आदर आहे, गिलाव्यावर नुसते ठोकून तो कुठे सुटला आहे हे एखादा जुना गवंडी जितक्या लवकर सांगतो तितक्या लवकर मीही सांगू शकत नाही. त्यांना जरूर सोबत न्यावे. परंतु कॉलम किती भार घेतो, वर आणखी एक मजला चढवता येईल का, कापलेल्या बीममुळे काय होईल, याचे उत्तर हिशेबाने द्यावे लागते आणि ते लेखी द्यावे लागते. उद्या भाव कमी करण्याची वेळ आली किंवा वाद झाला, तर उपयोगी पडेल तो सही-शिक्क्याचा, छायाचित्रांसह दिलेला अहवाल.

आपल्या देशात केवळ घरतपासणीसाठी स्वतंत्र परवाना देण्याची पद्धत नाही, त्यामुळे कोणीही स्वतःला तपासनीस म्हणवू शकतो आणि निवडीची जबाबदारी आपल्यावर येते. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी आणि संरचनेच्या कामाचा अनुभव असलेला माणूस घ्यावा, त्याने पूर्वी दिलेल्या एखाद्या अहवालाचा नमुना मागावा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो दलालाने किंवा विक्रेत्याने सुचवलेला नसावा. जो माणूस तपासणी करतो त्यालाच पुढे दुरुस्तीचे काम द्यायचे नाही, हेही आधीच सांगून टाकावे, म्हणजे दोष फुगवून सांगण्याचे कारण त्याला उरत नाही. शुल्क घराच्या आकारावर आणि करायच्या चाचण्यांवर ठरते. ते आधी लेखी ठरवून घ्यावे. तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहावे आणि मनातले प्रश्न तेथेच विचारावेत, कारण अहवालातल्या दहा ओळींपेक्षा जागेवर दाखवलेली एक भेग अधिक समजते.

प्रश्न : आम्ही भुसावळमध्ये नव्या इमारतीत सदनिका घेत आहोत. रेरा कायद्यामुळे पाच वर्षे बिल्डरच जबाबदार असतो असे ऐकले आहे. मग नव्या घराची तपासणी कशाला? — एक वाचक भगिनी, भुसावळ

उत्तर : ताई, आपण ऐकले ते खरे आहे, पण ते अर्धेच आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजेच रेराच्या, कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील किंवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिला, तर प्रवर्तकाने (बिल्डरने) तो ३० दिवसांत कोणताही जादा खर्च न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. यात ‘निदर्शनास आणून दिला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दोष आधी सापडला पाहिजे, तो लेखी कळवला पाहिजे, आणि तो आपण खिळे ठोकल्याने किंवा फरशी बदलल्याने झालेला नाही हे दाखवता आले पाहिजे. ताबा घेताना केलेल्या तपासणीचा अहवाल म्हणजे त्या दिवशी घर कसे होते याचा पुरावा असतो.

दुसरे असे की हा प्रकल्प महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला आहे का, हे त्याच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नाही किंवा ज्यात आठाहून अधिक सदनिका नाहीत, त्याला नोंदणी बंधनकारक नसते, आणि आपल्या तालुक्याच्या गावांतील बऱ्याच लहान इमारती याच मापात बसतात. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) मिळाले आहे का, हेही ताबा घेण्यापूर्वी विचारावे.

नव्या सदनिकेत मी न्हाणीघरापासून सुरुवात करतो. तेथे निचऱ्याचे तोंड बंद करून पाणी साठवावे आणि २४ तासांनी खालच्या सदनिकेचे छत पाहावे. सर्वांत वरचा मजला घेत असाल तर गच्चीवरही तसेच करावे. सगळे नळ एकाच वेळी सोडून पाण्याचा दाब पाहणे, धक्क्यापासून वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा स्वयंचलित स्विच मुख्य बोर्डावर आहे का हे पाहून त्याचे चाचणीचे बटण दाबणे, इतके तर कोणालाही जमते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल आणि बांधकामालाही तेच वापरले असेल, तर त्यातील क्लोराइडमुळे सळई लवकर गंजते. म्हणून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देण्याचा आग्रह धरावा.

प्रश्न : अमळनेर तालुक्यातील आमच्या गावात चुलत काकांचे जुने धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर आहे. मुले पुण्याला गेल्यामुळे ते घर विकायचे म्हणतात आणि बाहेरच्याला देण्यापेक्षा तू घे, असा त्यांचा आग्रह आहे. सागवानी खांब, मोठे अंगण, सगळे मला आवडते. पण काकांच्या घरात अभियंता नेणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे, असे वडिलांना वाटते. ‘तो आपला मानूस शे,’ एवढेच ते म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रावर मी बराच वेळ थांबलो, कारण यात घराबरोबर नातेही आहे. वडिलांना एवढेच सांगावे की काका खोटे बोलणार नाहीत यावर आपला पूर्ण विश्वास आहे. प्रश्न असा आहे की तुळईचे भिंतीत गेलेले टोक काकांनी तरी कधी पाहिले आहे? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार विक्रेत्याने त्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न कळणारा मोठा दोष सांगायचा असतो. जो दोष विक्रेत्यालाच ठाऊक नाही, तो कोण सांगणार? आणि घर घेतल्यानंतर दोन वर्षांनी धाबे खचले, तर काकांनी जाणूनबुजून गळ्यात घातले असे घरात कोणीतरी म्हणणारच. आधी तपासले असते तर त्या वाक्याला जागा उरली नसती. अभियंत्याला काकांच्या घरी नेण्याआधी काकांनाच ‘घर दुरुस्त करून नांदते ठेवायचे आहे, काय काय करावे लागेल ते पाहून घेऊ’ असे सांगावे. ते खरेही आहे.

धाब्याच्या घरात तपासायचे मुख्यतः डोक्यावर असते. खांब, तुळया, त्यावर कड्या, फळ्या, मग काड्यापाल्याचा थर आणि वर खारी माती, अशी ही रचना असते. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी नवी माती टाकण्याची चाल आहे, पण जुनी काढण्याची चाल सगळीकडे नाही, आणि येथेच धोका साठत जातो. एक फूट जाडीचा मातीचा थर म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो वजन. तो भिजला की त्याहून अधिक. आजोबांच्या काळी अर्धा फूट असलेला थर आज किती झाला आहे, हे धाब्यावर एका ठिकाणी लहान खड्डा घेऊन मोजावे. मग प्रत्येक तुळईच्या मध्यभागी झोल आला आहे का ते दोरी लावून पाहावे, आणि भिंतीत गेलेल्या टोकांवर हातोडीने ठोकून व टोच्याने टोचून पाहावे. निरोगी सागवान टणक वाजते. टोक कुजले असेल तर टोच्या सहज आत जातो. वाळवीच्या मातीच्या नळ्या बहुधा अंधाऱ्या कोपऱ्यात, धान्याच्या कोठीमागे सापडतात.

मातीच्या विटांच्या भिंतींना अलीकडे कोणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर तेथे अधिक लक्ष द्यावे. घर पक्के व्हावे म्हणून हौसेने केलेला तो गिलावा भिंतीतील ओल बाहेर पडू देत नाही, आणि आतली माती हळूहळू सुटत जाते. बाहेरून मात्र भिंत नव्यासारखी दिसते. असा गिलावा काढून पुन्हा चुन्या-मातीचा करता येतो. मन खचू देऊ नये. सागवानाचा सांगाडा शाबूत असेल तर जादा माती उतरवून आणि चार-दोन तुळयांची टोके बदलून असे घर अनेक वर्षे नांदू शकते, आणि मे महिन्यात त्याच्या आतला गारवा कोणत्याही स्लॅबच्या घरात मिळत नाही.

प्रश्न : आपण या सदरात पूर्वी सांगितल्याप्रमाणे आम्ही नंदुरबारमधील घर तपासून घेतले. अहवालात तीन गोष्टी आल्या : गच्चीचा कोबा निकामी झाला आहे, जिन्याजवळच्या एका कॉलमचे काँक्रीट सुटून सळई दिसते आहे आणि घराला अर्थिंग नाही. घर सोडून द्यावे का? घरात दोन लहान मुले आहेत.

उत्तर : एवढ्यावरून सोडू नये. कोबा नव्याने करता येतो; दोन ठेकेदारांचे लेखी दर घेऊन तेवढी रक्कम किमतीतून वजा करण्याचे विक्रेत्याला सांगावे, आणि अहवाल समोर ठेवला की बहुतेक विक्रेते ते ऐकतात. कॉलमच्या बाबतीत मात्र घाई करू नये. कॉलमच्या सळईवर ४० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण असावे लागते. ते त्या एकाच जागी कमी पडले होते की सगळ्याच कॉलममध्ये कमी आहे, हे आवरण मोजणाऱ्या यंत्राने तपासून घ्यावे. शेजारच्या कॉलमवर थोडे काँक्रीट फोडून ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थेलीनचे द्रावण फवारतात. रंग गुलाबी आला तर काँक्रीट अजून सळईचे रक्षण करते आहे, रंग न आलेला भाग सळईपर्यंत पोहोचला असेल तर ते रक्षण संपले आहे. दोष एकाच कॉलमपुरता निघाला तर दुरुस्तीनंतर घर घ्यावे, सर्वत्र निघाला तर कितीही भाव पाडून दिला तरी घेऊ नये. ही दुसरी तपासणी विक्रेता करू देत नसेल, तर तेही उत्तर समजावे.

घर घेतलेच, तर अर्थिंगचे काम सामान हलवण्याआधी करून घ्यावे आणि रोध मोजल्याची लेखी नोंद मागून घ्यावी. ते दोन दिवसांचे काम आहे, आणि आपली मुले येत्या उन्हाळ्यात त्याच घरात कूलरशेजारी खेळणार आहेत.